भाषणाला उंची कुठून आणायची?

पत्र : सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. वक्तृत्व स्पर्धांची मुलं माझ्याकडेच असतात. अकरावीतल्या एका मुलीचं ‘पाणी’ या विषयावरचं सात मिनिटांचं भाषण तालुक्याला दुसरं आलं. परीक्षक म्हणाले, ‘चूक काढायला जागा नाही, पण भाषणाला उंची नाही. काहीतरी उदात्त हवं होतं.’ एम. ए.ला लाँजायनस हा प्राचीन ग्रीक साहित्यविचारक अभ्यासाला होता, म्हणून जुनं गाइड शोधून काढलं. त्यात उदात्ततेचे पाच स्रोत दिलेत : भव्य विचार, उत्कट भावना, अलंकार, उच्च शब्दकळा, भारदस्त रचना. पाचही बसवून भाषण नव्याने लिहून दिलं. सुरुवात अशी केली : ‘हे जलदेवते, तृषार्त वसुंधरेच्या भेगाळलेल्या ओठांवर तुझ्या करुणेचा अमृतकुंभ कधी रिता होणार?’ मुलीने स्वतः लिहिलेल्या खर्ड्यात तिच्या आजीबद्दल एक वाक्य होतं, की टँकर आला की आजी पहिली बादली घरात न नेता गोठ्यात बैलापुढे ठेवायची. ते फारच घरगुती वाटलं म्हणून आधीच काढलं होतं. आता मुलगी म्हणते, ‘मॅडम, हे बोलताना मला लाज वाटते.’ जिल्हा स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. उदात्तता शिकवता येते का, की ती उपजतच असावी लागते? आणि माझं नेमकं कुठे चुकतंय?
– एक शिक्षिका

ताई,

मुलीला लाज वाटते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य वाटलं. तिचा कान शाबूत आहे. परीक्षकांच्या शेऱ्याआधी त्या कानाचा भरवसा धरा.

आता गाइडबद्दल. पाच स्रोतांची यादी खरी आहे. मूळ ग्रंथाच्या आठव्या प्रकरणात ती याच क्रमाने येते. पण गाइडवाल्यांनी ती वाण्याच्या यादीसारखी उतरवून घेतली आणि आजूबाजूचं सगळं गाळलं. लाँजायनस तिथेच सांगतो की पहिले दोन, म्हणजे विचारांची झेप आणि भावनेचा वेग, बहुतांशी उपजत असतात. उरलेले तीन शिकून येतात. त्याच दमात तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी परीक्षेला कधी विचारत नाहीत आणि तुमच्या कामाची नेमकी तीच आहे. सगळ्याच भावना माणसाला उंचावर नेत नाहीत. काही भावना खालच्याच पट्टीतल्या असतात, आणि त्यांची नावं तो घेतो : दया, शोक, भीती.

थांबून विचार करा. दुष्काळावरची आपली स्पर्धेतली भाषणं कशावर चालतात? भेगाळलेली जमीन, आटलेली विहीर, आईच्या डोळ्यांतलं पाणी. सभागृह हळहळतं, दोन बायका डोळे पुसतात, टाळ्या पडतात. लाँजायनस याला वाईट म्हणत नाही. याने उंची येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तुमच्या नव्या सुरुवातीत ‘तृषार्त’, ‘भेगाळलेले ओठ’, ‘करुणा’ अशी दयेची याचना एका वाक्यात तीनदा आली आहे. शब्द जड केले म्हणून भावनेची पट्टी बदलत नाही.

हा ग्रंथ खरं तर तुमच्याच कामाचा आहे. त्याचं नाव ‘पेरी हुप्सूस’, म्हणजे उंचीविषयी. टेरेन्शियानस नावाच्या एका रोमन स्नेह्याला उद्देशून तो लिहिला आहे, आणि लोकांपुढे उभं राहून बोलणाऱ्यांना उपयोग व्हावा हा हेतू पहिल्याच प्रकरणात सांगून टाकला आहे. दोघांनी मिळून कॅसिलियस नावाच्या आधीच्या एका लेखकाचं याच विषयावरचं पुस्तक वाचलं होतं. त्याच्याबद्दलची तक्रार वाचण्यासारखी आहे : उदात्त म्हणजे काय हे या गृहस्थाने उदाहरणांचा ढीग घालून समजावलं, पण तिथवर पोचायचं कसं हे सांगायचं राहूनच गेलं. गाइडांची परंपरा जुनी आहे म्हणायची.

लेखक कोण, यावर फार वेळ घालवू नका. तुमच्या गाइडात तो पाल्मिराच्या झेनोबिया राणीचा सल्लागार म्हणून आला असेल. तो कॅशियस लाँजायनस तिसऱ्या शतकातला; इ. स. २७३मध्ये रोमन सम्राट ऑरेलियनने त्याला ठार मारलं. आपला ग्रंथ बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकातला मानतात. पॅरिसला असलेल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात मथळ्यावर ‘डायोनिसियस लाँजायनस’ आहे आणि अनुक्रमणिकेत ‘डायोनिसियस किंवा लाँजायनस’. नक्कल करणाऱ्यालाच खात्री नव्हती, तर आपण कशाला वाद घालायचा? १५५४मध्ये बाझेलला तो पहिल्यांदा छापला गेला, १६७४मध्ये ब्वालोने फ्रेंचमध्ये आणला आणि मग युरोपभर गाजला. मधली बरीच पानं गहाळ आहेत, जवळपास एक तृतीयांश.

चुकतंय कुठे, ते त्याच्याच उदाहरणांतून पाहू. गॉर्जियस नावाच्या नामांकित वक्त्याने गिधाडांना ‘जिवंत थडगी’ म्हटलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही स्पर्धेत याला टाळी मिळेल. लाँजायनसला ते हास्यास्पद वाटतं. तो म्हणतो, ही सूज आहे. आणि जलोदर झालेल्या माणसाइतकं कोरडं कुणीच नसतं. तुमच्या अमृतकुंभाची गत तीच झाली आहे. वाक्य पाण्याने टम्म फुगलंय, पण त्यात थेंबभर पाणी नाही. कुणाचा ओठ? कुठली जमीन? कोणत्या साली? काही नाही. नंदुरबारच्या मुलीने म्हटलं काय आणि लातूरच्या मुलाने म्हटलं काय, सारखंच.

दुसरा दोष त्याने नोंदवलाय तो चमकदार पण थंड कल्पनेचा. टिमियस या इतिहासकाराने अलेक्झांडरची स्तुती करताना लिहिलं की आयसॉक्रटिस या भाषणलेखकाला पर्शियावर स्वारी करा असं सांगणारं भाषण लिहायला जितकी वर्षं लागली, त्याहून कमी वर्षांत अलेक्झांडरने अख्खा आशिया घेतला. लाँजायनस यावर खवचटपणे म्हणतो, मग स्पार्टाची माणसं आयसॉक्रटिसपुढे भलतीच कच्ची ठरली. त्यांना मेसीन जिंकायला तीस वर्षं लागली आणि याने भाषण दहाच वर्षांत संपवलं! तुमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत असली वाक्यं भरपूर सापडतील. ‘जितक्या वेळात आपण एक सेल्फी काढतो, तितक्या वेळात...’ छापाची. निर्दयपणे खोडा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही जलदेवतेला हाक मारली, हा अलंकार आहे. संबोधन. आणि लाँजायनस ज्या एका वाक्यावर अख्खं सोळावं प्रकरण खर्च करतो, त्यालाही तो संबोधनच म्हणतो. मग ते वाक्य हजारो वर्षं का टिकलं आणि तुमचं आठवडाभरात तुमच्याच विद्यार्थिनीला का नकोसं झालं?

प्रसंग असा. मॅसिडोनियाच्या फिलिपशी लढा, असं डेमॉस्थेनिस हा वक्ता अथेन्सच्या लोकांना वर्षानुवर्षं सांगत होता. त्यांनी ऐकलं, लढले आणि इ. स. पू. ३३८मध्ये केरोनियाला सपाटून हरले. आठ वर्षांनी एका खटल्यात डेमॉस्थेनिसला आपल्या धोरणाचा हिशेब द्यावा लागला. समोर बसलेल्यांत मुलं, भाऊ गमावलेली माणसं. त्यांना सांगायचंय की लढलात यात तुम्ही चुकला नाहीत. हे साधेपणाने कसं म्हणता आलं असतं, ते लाँजायनस स्वतःच लिहून दाखवतो : तुम्ही चुकला नाहीत, याचे दाखले घरातच आहेत, मॅरेथॉनला, पर्शियाविरुद्धच्या जुन्या लढाईत, लढलेलेही चुकले नव्हते. मुद्दा बरोबर, तर्क बरोबर, आणि परिणाम शून्य. डेमॉस्थेनिस काय करतो? तो दाखला देतच नाही. शपथ घेतो. मॅरेथॉनला आघाडीवर जीव धोक्यात घातलेल्यांची शपथ, प्लाटीयाला रांगेत उभे राहिलेल्यांची, सॅलॅमिस आणि आर्टेमिसियमला समुद्रावर लढलेल्यांची शपथ, तुम्ही चुकलात असं होणंच शक्य नाही! पूर्वज एका क्षणात देवांच्या जागी बसतात आणि केरोनियाला हरलेली माणसं मॅरेथॉनवाल्यांच्या पंक्तीला.

इथपर्यंत कुणीही समीक्षक आला असता. लाँजायनसचं बोट पुढे जिथे पडतं, ती जागा बघा. तो म्हणतो, क्रियापदं तपासा. ‘जीव धोक्यात घातला’, ‘उभे राहिले’, ‘लढले’. ‘जिंकले’ कुठेही नाही. त्या चारही ठिकाणी ग्रीकांनी शर्थ केली होती, मॅरेथॉनचा विजय तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तरी वक्ता तो शब्द गिळतो, कारण केरोनियाला आपण हरलो आहोत. ‘जिंकले’ म्हटलं असतं तर समोरच्याच्या मनात लगेच आलं असतं, ते जिंकले, आम्ही हरलो. ही शंका कुणाच्या तोंडून निघायच्या आत तो पुढचं वाक्य टाकतो : आणि या शहराने त्या सगळ्यांनाच सन्मानाने मूठमाती दिली, फक्त यशस्वी झालेल्यांना नाही.

कुणा विनोदी नाटककाराच्या नाटकातही मॅरेथॉनची शपथ आहे, डेमॉस्थेनिसने ती तिथूनच उचलली, असं काही लोक म्हणत. लाँजायनस त्यांना उत्तर देतो की नुसती शपथ घेण्यात कसलंच मोठेपण नाही. कुठे घेतली, कशी घेतली, कोणत्या वेळी, कशासाठी, हे बघायचं. ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे. अलंकाराला स्वतःची उंची नसते. तो ज्या जागी उभा केला त्या जागेची उंची असते. जलदेवतेला हाक मारायला तुमच्या भाषणात जागाच तयार झाली नव्हती. पहिलंच वाक्य, अजून काही घडलेलं नाही, सभागृहात मागच्या रांगा अजून खुर्च्या ओढताहेत, आणि मुलगी एकदम आकाशाकडे हात करते. डेमॉस्थेनिसची शपथ भाषणाच्या खूप आत येते, सगळा हिशेब मांडून झाल्यावर.

मग जागा कुठे आहे? तुम्ही कात्री लावलीत तिथे.

ती आजी बघा. पहिली बादली गोठ्यात. ही बाई दया मागत नाहीये. तिने एक निर्णय घेतलाय, रोज घेते, आणि त्याचं कारण कुणाला सांगत बसत नाही. लाँजायनस उदात्ततेला थोर मनाचा पडसाद म्हणतो आणि पाठोपाठ जे उदाहरण देतो, त्यात तर शब्दच नाहीत. होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या लोकात जातो. तिथे त्याला एजॅक्स भेटतो. अकिलीसच्या चिलखतावरून दोघांत वाद झाला होता, ते ओडिसियसला मिळालं आणि अपमानाने एजॅक्सने जीव दिला. ओडिसियस अजिजीने बोलतो, राग सोड म्हणतो. एजॅक्स एक अक्षर बोलत नाही. वळतो आणि निघून जातो. लाँजायनसच्या मते ते मौन कुठल्याही भाषणाहून मोठं आहे. (हाच लाँजायनस पुढे ‘ओडिसी’ला होमरच्या म्हातारपणीचं, ओसरतीचं काव्य म्हणतो. मला ते कधीच पटलेलं नाही. ज्या काव्यातून हे मौन उचललं त्यालाच उतरती कळा लावायची, म्हणजे कमाल आहे.)

तर आजीचं वाक्य परत घाला, आणि त्यावर भाष्य करू नका. ‘केवढं हे प्रेम!’, ‘धन्य ती माउली!’ असलं काही नको. होमरचंच एक वादळ आहे : खलाशी मरणाच्या अगदी काठावरून कसेबसे वाहून नेले जाताहेत. अरॅटस नावाच्या कवीने ती कल्पना घेऊन लिहिलं, पातळशी फळी मरणाला थोपवून धरते. लाँजायनस म्हणतो, झालं, भीती गेली. फळी मरण थोपवतेय म्हणजे खलाशी सुरक्षितच की. स्पष्टीकरण देण्याच्या नादात धोक्याला कुंपण पडलं. तुम्ही आजीला ‘माउली’ म्हटलंत की तिचंही तेच होईल. ती सुरक्षित होईल, श्रोते सुटतील.

पण घरगुती म्हणून आणलेलं सगळंच चालतं असंही समजू नका. इथे लाँजायनस तुमच्या बाजूचा आहे, थोडासा. थिओपॉम्पस या इतिहासकाराने इजिप्तवर निघालेल्या पर्शियाच्या राजाचं वर्णन केलंय : आशियातल्या साऱ्या शहरांचे वकील, सोन्याचे तंबू, जांभळी वस्त्रं, चांदीची भांडी, अगणित शस्त्रं. आणि मग मसाल्यांची मापं, पोती, थैल्या, खारवलेल्या मांसाचे ढीग इतके मोठे की लांबून टेकड्या वाटाव्यात. राजाच्या स्वारीचं स्वयंपाकघर होऊन गेलं, असं लाँजायनस म्हणतो. वस्तू हलक्या, एवढीच त्याची हरकत नाही. चढत जायचं तिथे लेखक घसरत गेला, म्हणूनही आहे. एरवी लोकांच्या तोंडचा साधा, रांगडा शब्द कधी कधी नटव्या शब्दापेक्षा जास्त सांगून जातो, हेही त्याने दुसरीकडे मान्य केलंय. तेव्हा मुलीच्या मूळ खर्ड्यात बैलाच्या पाठोपाठ ड्रम, कॅन, कळश्या, टँकरचा पाइप अशी जंत्री असेल, तर ती काढा. बादली एकच पुरे. सॅफो या ग्रीक कवयित्रीच्या ज्या कवितेचा मोठा तुकडा केवळ याच ग्रंथामुळे आपल्यापर्यंत पोचला, तिच्याबद्दल तो हेच सांगतो : प्रेमाने शरीराची जी दशा होते, त्यातल्या नेमक्या टोकाच्या गोष्टी तिने निवडल्या आणि एकत्र बांधल्या. जीभ अडखळते, कातडीखाली आग धावते, कान घणघणतात. निवड आणि बांधणी. हे शिकवता येतं.

त्यामुळे उपजत की शिकवून, या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला अर्धं मिळालंच. हा प्रश्न त्या काळीही होता. काही लोक म्हणत, मोठेपण जन्माला येतं, नियमात बसवलं की वाळून जातं. लाँजायनसने दुसऱ्याच प्रकरणात त्याला हात घातलाय : निसर्गाची देणगी मूळ, पण ती किती, कधी आणि कुठवर वापरायची हे शास्त्र सांगतं, मोठ्या मनाला टाच लागते तसा लगामही. तुमच्या बाबतीत आजी मुलीला उपजत मिळालेली आहे. लगाम तुम्ही व्हा. आजी बदलून जलदेवता आणणं हे काही लगामाचं काम नव्हे.

सरावासाठी चौदाव्या प्रकरणात एक युक्ती आहे. लिहिताना विचारायचं, हे होमरने कसं म्हटलं असतं, डेमॉस्थेनिसने कसं? आणि पुढे : ते दोघे समोर बसून माझं ऐकत असते, तर त्यांना काय वाटलं असतं? अकरावीच्या मुलीसाठी मी यात बदल करेन. आजीला समोर बसवा. ती ऐकताना खाली मान घालते की सरळ बघते, ते मुलीला आपोआप कळेल. दुसरी चाचणी सातव्या प्रकरणातली. जे पुन्हा पुन्हा ऐकूनही कमी होत नाही आणि वेगवेगळ्या धंद्यांच्या, वयांच्या माणसांना सारखंच भिडतं, ते खरं. स्टाफरूम, शिपाई मामा, एसटी स्टँडवरचा चहावाला, घरची माणसं यांना भाषण ऐकवा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, काय आठवतंय? जलदेवता कुणालाही आठवणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

परीक्षकांच्या ‘चूक नाही पण उंची नाही’ या शेऱ्याबद्दल थोडं. तो शेरा लाँजायनसचाच आहे, त्यांना माहीत असो वा नसो. अथेन्सच्याच हायपेरायडीज या वक्त्याचे गुण तो भरभरून मोजतो : विनोद, गोडवा, उपरोध, करुणा जागवण्याची हातोटी. पंचक्रीडेतल्या खेळाडूसारखा तो प्रत्येक प्रकारात अव्वल गड्यांच्या मागे, पण सामान्यांच्या पुढे. डेमॉस्थेनिसला यातलं फारसं काही जमत नाही, विनोद करायला गेला तर स्वतःच हास्यास्पद होतो. तरी विजेसारखा कोसळतो तो डेमॉस्थेनिस. हायपेरायडीज वाचून कुणाला धडकी भरत नाही. निर्दोष साधारणापेक्षा चुका असलेलं मोठं बरं, असा लाँजायनसचा कौल आहे आणि मी त्याच बाजूचा. पण तुम्हाला व्यवहारही सांभाळायचाय. गुणपत्रिकेत उच्चार, वेळ, मुद्देसूदपणा, सादरीकरण यांचे रकाने असतात, उंचीचा नसतो. आजी परत आणल्यावर मुलगी त्या वाक्याशी क्षणभर अडखळली, तर एखादा गुण जाईल. जाऊ द्या.

पुढच्या महिन्यापर्यंत तुम्ही स्वतः नववं, सोळावं आणि त्रेचाळिसावं प्रकरण वाचा, त्यांतली शेवटची दोन लहान आहेत. चव्वेचाळिसावं जमलं तर सवडीने. थोर वक्ते आता का होत नाहीत, असं त्यात कुणी तत्त्वज्ञ विचारतो आणि स्वातंत्र्य गेलं म्हणून, असं उत्तर सुचवतो. लाँजायनस म्हणतो, पैशाच्या आणि सुखाच्या हावेने. दोघांपैकी कोण बरोबर यावर तुमच्या वर्गात एक तास सहज रंगेल. मुलीला यातलं काहीही देऊ नका, निदान स्पर्धेपर्यंत तरी. तिला तिचा मूळ खर्डा परत द्या आणि आजीचं वाक्य भाषणात कुठे यावं, हे तिलाच ठरवू द्या. माझ्या अंदाजाने पाचव्या मिनिटाच्या आसपास, आकडेवारी संपते तिथे.